पहिला भाग फसला, म्हणून दुसऱ्याकडे पाठ फिरवायची?

पहिल्या भागाने निराशा केली, तर त्याच नावाचा दुसरा भाग घ्यावा का? व्हिडिओ गेमच्या बाबतीत हा प्रश्न आता मोजक्या शौकिनांपुरता राहिलेला नाही. बऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ, खंडवा या पट्ट्यात महागडा कन्सोल एखाद्याच घरी दिसेल. पण गेम चालेल असा फोन बहुतेक घरांत आहे आणि त्यावर रंगून खेळणारी मुलेही आहेत. कुणाचे त्यात दोन-अडीच हजार जातात, कुणाचे पन्नास रुपये, तर कुणाचा रुपयाही न जाता फक्त वेळ आणि डेटा जातो. अपेक्षाभंग मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येतो. त्यानंतरची प्रतिक्रियाही ठरलेली: ‘आता या नावाचे काहीही घेणार नाही.’ राग समजण्यासारखा आहे, पण त्यातून निघालेला निर्णय चुकीचा आहे. निराश झालेल्या ग्राहकाने दुसऱ्या भागाला नकार देऊ नये. त्याने आगाऊ भरवसा देणे थांबवावे. गेम घ्यायचा की नाही, हे पहिल्या भागाने ठरवू नये. कधी घ्यायचा आणि काय तपासून घ्यायचा, हे मात्र त्यानेच ठरवावे.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण ‘फौजी’ या गेमचे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल हा लोकप्रिय गेम होता. दोनच दिवसांनी अभिनेता अक्षय कुमारने ‘फौजी’ची घोषणा केली. बेंगळुरूच्या एनकोअर गेम्सचा हा गेम, निव्वळ उत्पन्नातला वीस टक्के वाटा ‘भारत के वीर’ निधीला देण्याचे वचन, आणि पबजीशी नाद जुळणारे नाव. आगाऊ नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच दहा लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला आणि काही दिवसांतच गूगल प्ले स्टोअरवरचे त्याचे रेटिंग घसरले. लोकांना मित्रांबरोबर संघ करून, बंदुका घेऊन खेळायचे होते. हाती आला तो गलवान खोऱ्यात एकट्याने खेळायचा कथाभाग. पुढे चालायचे, समोर आलेल्या शत्रूंशी हातघाईची लढाई करायची, दमल्यावर शेकोटीजवळ थांबून शक्ती भरून घ्यायची, पुन्हा पुढे चालायचे. ज्यासाठी लाखो लोक थांबले होते तो संघ करून लढण्याचा प्रकार चाचणीच्या रूपात आला जून २०२१ मध्ये, आणि २ जुलैला पबजीचाच भारतीय अवतार, बीजीएमआय, अधिकृतपणे दाखल झाला. वरातीमागून घोडे म्हणतात तसे झाले.

या फसगतीत दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय दुसऱ्या भागाबद्दल काहीच म्हणता येत नाही. पहिली गोष्ट अपेक्षेची. ऑक्टोबर २०२० मध्ये दसऱ्याला जी झलक प्रसिद्ध झाली, तिच्यात गलवान होते आणि हातघाईची लढाईच होती. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये भारतीय आणि चिनी सैनिकांत जी झटापट झाली तीही बंदुकीविनाच झाली होती. म्हणजे गेमची कल्पना प्रसंगाला धरून होती. पण घोषणेची वेळ, नाव आणि सगळा गाजावाजा यांतून पबजीची गादी चालवणारा गेम येतो आहे, असाच समज पसरला. दुसरी गोष्ट कामाची. हातघाईची लढाई म्हणूनही तो अनुभव लवकर कंटाळा आणणारा होता. तीच हालचाल, तेच शत्रू, तोच क्रम. पहिला दोष प्रसिद्धीचा आणि काही अंशी आपल्या उतावळेपणाचा. दुसरा दोष कारागिरीचा. दुसऱ्या भागाकडे पाहताना हे दोन्ही हिशेब स्वतंत्रपणे तपासावे लागतात, कारण कारागिरी सुधारूनही प्रसिद्धी फसवी राहू शकते आणि प्रसिद्धी सरळ होऊनही कारागिरी कच्ची राहू शकते.

‘फौजी: डॉमिनेशन’ हा पुढचा गेम जानेवारी २०२५ च्या अखेरीस आला. तो डॉट नाइन गेम्सने बनवला आणि एनकोअरच्या सोबतीने तो प्रकाशित करण्याची जबाबदारी मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजच्या प्रकाशन विभागाने उचलली. पाच विरुद्ध पाच खेळाडू, बंदुका, संघ. म्हणजे पहिल्या वेळी लोकांना जे हवे होते आणि मिळाले नव्हते, तेच इथे पहिल्या दिवसापासून होते. मुख्य म्हणजे बाजारात येण्यापूर्वी, डिसेंबर २०२४ मध्ये, तो चाचणीसाठी खेळाडूंच्या हाती दिला गेला. केवळ नाव तेच म्हणून ज्याने हा गेम उघडूनही पाहिला नाही, त्याने खरे तर एका वेगळ्याच प्रकारच्या गेमला जुन्या गेमची शिक्षा दिली. आणि ज्याने केवळ अभिमानापोटी पुन्हा डोळे झाकून स्वागत केले, त्याचे ‘ये रे माझ्या मागल्या’ झाले. दोघांनीही गेमकडे पाहिले नाही. दोघांनीही नावाकडेच पाहिले.

नावावरून पुढचा अंदाज बांधता येत नाही, हे या धंद्याच्या इतिहासात वारंवार दिसते. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ मध्ये आला तेव्हा त्यातली बटणे नीट दाद देत नसत. तो बनवणारी मुख्य माणसे कंपनी सोडून गेली, नव्या मंडळींनी काम हाती घेतले आणि १९९१ मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर २’ ने साऱ्या जगातल्या गेम पार्लरचे रूप पालटले. २००७ च्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये देखावे सुंदर होते, पण त्याच त्या कामगिऱ्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात अशी तक्रार होती. २००९ च्या दुसऱ्या भागाने नेमकी तीच तक्रार दूर केली. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर या स्टुडिओचा २०१५ चा ‘सिटीज: स्कायलाइन्स’ हा शहर वसवण्याचा गेम लाडका झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच मंडळींनी त्याच नावाचा दुसरा भाग आणला, तो भल्या भल्या संगणकांवर अडखळत होता. पुढच्या वर्षी त्यांना एका पूरक भागाबद्दल जाहीर माफी मागून पैसे परत करावे लागले. चांगल्या पहिल्या भागावर विसंबून ज्यांनी डोळे मिटून पैसे भरले, तेही फसलेच. पहिला भाग वाईट म्हणून दुसरा टाळणे आणि पहिला चांगला म्हणून दुसरा आगाऊ घेणे, या दोन्ही सवयींच्या मुळाशी एकच चूक आहे.

मग काय पाहावे? माझ्या मते तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला: या वेळी हात कुणाचे आहेत? गेम नावाने विकला जातो, पण बनवतात माणसे. नाव कायम राहून माणसे बदलू शकतात, तसेच माणसे तीच राहून काम बदलू शकते. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा नवा अवतार युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता. पहिल्याच झलकेतल्या चित्रणावर टीका झाली, जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, पुढे तीही पुसली गेली आणि मे २०२२ मध्ये सगळे काम कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे वळवण्यात आले. तेव्हा नाव कायम राहिले, हात मात्र बदलले. दुसरा प्रश्न: पहिल्या वेळी नेमके काय बिघडले होते? अपुरा वेळ, अपुरा पैसा, चुकीची कल्पना, की खोटी जाहिरात? यातले पहिले दोन दोष पुढच्या वेळी भरून निघू शकतात. शेवटचा दोष मात्र वृत्तीचा असतो. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: चूक कबूल केली का, आणि कबुलीनंतर काही केले का?

या तिसऱ्या प्रश्नाचे आदर्श उत्तर जपानच्या स्क्वेअर एनिक्सने दिले आहे. २०१० च्या सप्टेंबरमध्ये आलेला त्यांचा ‘फायनल फँटसी १४’ इतका फसला की कंपनीला माफी मागावी लागली. डिसेंबरमध्ये गेमची सूत्रे नाओकी योशिदा यांच्याकडे दिली गेली. दर महिन्याची वर्गणी वर्षभराहून अधिक काळ घेतलीच नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुना गेम बंद केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तो नव्याने उभा करून आणला. आज त्याचे नाव यशाच्या यादीत घेतले जाते. पहिल्या फसगतीवरून कायमची फुली मारणाऱ्या ग्राहकाला हे दिसलेच नसते. पण त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे की या कंपनीने दुसरी संधी गृहीत धरली नाही. आधी तिची किंमत मोजली, मग ती मागितली. ज्या कंपनीने काहीच कबूल केले नाही, तिच्याशी व्यवहार करताना ग्राहकाने जास्त सावध असावे, हे ओघानेच आले.

बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. कापडाच्या एका ताक्यात दोष निघाला, म्हणून इथला व्यापारी त्या मागवाल्याशी कायमचा व्यवहार तोडत नाही. पण पुढचा ताका न उलगडता गाडीत चढवतही नाही. तो ताका सोडतो, उजेडात धरतो, कुठे धागा सुटला आहे का ते पाहतो आणि मगच भाव बोलतो. आधीच्या दोषाने त्याची नजर बारीक झालेली असते. गेमचा ग्राहक याच्या अगदी उलट वागतो. ताका उलगडण्याच्या आधी पैसे मोजतो आणि दोष निघाला की मागवाल्याचे नावच टाकतो. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘सायबरपंक २०७७’ साठी ऐंशी लाख लोकांनी आगाऊ मागणी नोंदवली होती. समीक्षकांना आधी खेळायला मिळाली ती फक्त संगणकावरची आवृत्ती. जुन्या कन्सोलवर तो किती कोलमडतो, हे कळले ते विक्रीनंतर. आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. पुढे वर्षानुवर्षे दुरुस्त्या झाल्या आणि २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत त्याच गेमचे मनापासून कौतुक होऊ लागले. पंधरा दिवस थांबलेल्याचा पैसा वाचला, तीन वर्षे थांबलेल्याला उत्तम गेम मिळाला. नुकसान झाले ते फक्त घाई करणाऱ्याचे.

आता पुण्याकडे येऊ, कारण आपल्या मातीतले सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण तिथले आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ बनवला. २०१७ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. राजी नावाची मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. खांबांना लटकून झोके घेते, भिंतीवरून धावते, हातात त्रिशूळ असतो. मधल्या कथनात सावल्यांच्या बाहुल्या हलतात, भिंतींवर देवादिकांच्या कथा रंगवलेल्या दिसतात आणि दुर्गा व विष्णू यांचा संवाद कानी पडत राहतो. ज्या बऱ्हाणपूरच्या एका बाजूला असीरगडचा किल्ला आहे आणि शाही किल्ल्यातल्या हमामखान्याच्या छतावर अजून जुने रंग दिसतात, त्या गावातल्या मुलाला पडद्यावरचे हे जग परके वाटणार नाही. परदेशी गेममध्ये पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हे पाहायला मिळाले नव्हते.

तरीही ‘राजी’ने अनेकांची निराशा केली, आणि ती निराशा खोटी नव्हती. लढाईत हालचाली जड वाटत होत्या, गेम काही तासांत संपत होता आणि कथा तर ऐन भरात आल्यावर तुटल्यासारखी थांबत होती. या तक्रारींना स्टुडिओने कामातून उत्तर दिले. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, लढाईवर पुन्हा काम झाले, हिंदी आवाज आले. २०२५ मध्ये ‘राजी: कलियुग’ या पुढच्या भागाची घोषणा झाली. इथे एक आक्षेप रास्त आहे: अर्धवट सोडलेल्या कथेचा शेवट पुन्हा पैसे मोजून का विकत घ्यायचा? माझे उत्तर असे की, नुसता उरलेला शेवट विकला जात असेल तर घेऊच नये. पण लढाई, लांबी आणि कथन या तिन्ही तक्रारींवर काम केलेला पूर्ण गेम असेल, तर तो स्वतंत्र वस्तू आहे आणि तिची किंमत स्वतंत्रपणेच ठरवावी. पहिला भाग तुटक होता म्हणून दुसरा टाळणारा ग्राहक, ज्या चुकीचा त्याला राग आला तीच दुरुस्त होण्याची वाट बंद करतो.

सर्वांत जोरकस आक्षेप वेगळाच आहे. लोक म्हणतात, कंपन्यांना फक्त पैशाची भाषा कळते. पुन्हा विकत घेतले तर त्या शिकतील कशा? शिक्षा हवी, हे मला मान्य आहे. प्रश्न शिक्षा योग्य माणसाला होते का, हा आहे. २०१२ मध्ये युबिसॉफ्टने ‘वॉच डॉग्स’ची जी झलक दाखवली, तिच्या तुलनेत २०१४ मध्ये हाती आलेला गेम फिका होता. लोक चिडले. २०१६ मध्ये आलेला दुसरा भाग अधिक खेळकर, अधिक जिवंत होता. समीक्षकांनी त्याला चांगले म्हटले. पण त्याची सुरुवातीची विक्री पहिल्या भागाच्या मानाने बरीच मंद राहिली. त्यामागे इतरही कारणे असतील, पण जुन्या रागाचा वाटा त्यात होता हे नाकारणे कठीण आहे. भपकेबाज झलक दाखवून पहिला भाग खपवला गेला, त्याचे पैसे वसूल झाले. फटका बसला तो सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या भागाला. यालाच आपण चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतो. शिवाय विक्रीचा आकडा मुका असतो. दुसरा भाग खपला नाही की ‘आम्ही मागे फसवले होते’ असा अर्थ कंपनी क्वचितच काढते. ‘लोकांना असा गेम नको आहे’ असा काढणे तिला सोपे जाते. शिक्षा करायची तर त्याच वेळी, त्याच गेमला करावी. आगाऊ पैसे देऊ नयेत, फसल्यास रिफंड मागावा, प्रामाणिक आणि नेमके परीक्षण लिहावे. पाच वर्षांनी दुसऱ्याच माणसांच्या कामावर घातलेल्या बहिष्कारापेक्षा ही शिक्षा अधिक बोचते.

रिफंडचे नियमही ग्राहकाला माहीत असायला हवेत, कारण त्यांमुळे दुसऱ्या भागाची जोखीम बरीच कमी होते. संगणकावर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर परत करता येतो. गूगल प्लेवर विकत घेतलेल्या गेमसाठी अठ्ठेचाळीस तासांच्या आत मागणी करता येते. प्लेस्टेशनवर मात्र एकदा डाऊनलोड सुरू केले की सहसा परतीचा रस्ता बंद होतो. म्हणून तिथे थांबणे जास्त गरजेचे आहे. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही आहे. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरात त्याच्या दृष्टीने दिशाभूल करणारी ठरते आणि अशा जाहिरातीबद्दल उत्पादकाला, तसेच तिचा प्रचार करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही, दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गेमची झलक हीसुद्धा जाहिरातच आहे, हे आपण अजून मनावर घेतलेले नाही.

कुणी म्हणेल, फोनवरचे बहुतेक गेम फुकट असतात. त्यात गमावण्यासारखे काय? वेळ, फोनमधली जागा, रोजच्या रिचार्जमधला डेटा आणि मुलांचे लक्ष, हे सगळे त्यात जाते. फुकट गेमची खरी विक्री आत शिरल्यावर सुरू होते. नवा पोशाख, नवी बंदूक, हंगामाचा पास. म्हणून फुकटच्या दुसऱ्या भागाला माझा सल्ला उलट आहे: तो अवश्य उघडून पाहावा, पण निदान पहिले काही दिवस त्यात एक रुपयाही घालू नये. आई-वडिलांनीही मुलाला ‘मागच्या वेळी फसलास ना, मग आता कशाला?’ असे विचारून विषय संपवू नये. मागच्या वेळी काय आवडले नव्हते आणि या वेळी त्यात काय बदलले आहे, असे विचारावे. मुलगा या प्रश्नाचे उत्तर शोधायला लागला, तर खरेदीचा शहाणपणा तो गेमच्या निमित्तानेच शिकेल.

यापेक्षा गंभीर आक्षेप छोट्या स्टुडिओंच्या बाजूने घेता येतो. सगळेच थांबले, तर पहिल्या आठवड्याच्या विक्रीवर जगणारा पुण्यातला छोटा स्टुडिओ उभा राहील कसा? हा प्रश्न मला खरोखर अडवतो. पण थांबणे म्हणजे न घेणे नव्हे. पंधरा दिवस थांबलेला ग्राहक पंधराव्या दिवशी पैसे देतोच, आणि समाधानी असेल तर आणखी चौघांना सांगतो. छोट्या स्टुडिओने डेमो दिला, म्हणजे गेमचा पहिला अर्धा-पाऊण तास मोफत खेळू दिला, तर हे पंधरा दिवसही लागणार नाहीत. ज्याला आपल्या दुरुस्तीवर विश्वास आहे, त्याला डेमो देण्याची भीती वाटण्याचे कारण नाही. प्रसिद्धीवर कोट्यवधी उधळू शकणारी कंपनी आणि मोजक्या माणसांचा स्टुडिओ यांत ग्राहकाने फरकही करावा. छोट्याने चूक कबूल करून सुधारणा दाखवली असेल, तर त्याला आधी संधी द्यावी. मोठ्याकडून मात्र आधी पुरावा मागावा.

शेवटचा मुद्दा ‘आपला’ म्हणून घेण्याचा. देशी गेमला पाठिंबा द्यावा, हे योग्यच. पण अभिमानाने केलेल्या नोंदणीमुळे ‘फौजी’ची पहिली आवृत्ती सुधारली नाही, उलट अपेक्षा आणखी वाढली आणि पडझड मोठी झाली. त्याहून वाईट म्हणजे त्या एका निराशेचे बिल सगळ्या भारतीय गेमच्या नावावर फाडले गेले. ‘आपल्याकडचे गेम असेच असतात’ हे वाक्य त्यानंतर सहज ऐकू येऊ लागले. सुक्याबरोबर ओलेही जळावे, तसे पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेल्या ‘इंडस’कडेही काहींनी त्याच चष्म्यातून पाहिले. आता ही सवय अधिक महाग पडणार आहे. ऑगस्ट २०२५ च्या नव्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. भारतीय कंपन्यांना यापुढे पैजेवर नव्हे, तर चांगल्या गेमवर जगावे लागेल. चांगला गेम सहसा पहिल्या प्रयत्नात जमत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात जमतो. फसलेल्या पहिल्या प्रयत्नानंतर दार कायमचे बंद करणारा ग्राहक आणि काहीही आले तरी टाळ्या वाजवणारा ग्राहक, दोघेही या धंद्याला मोठे होऊ देणार नाहीत. तपासून घेणारा ग्राहकच त्याला वाढवेल.

त्यासाठी ग्राहकाला तपासायला काहीतरी हाती मिळाले पाहिजे, आणि ही जबाबदारी आपल्या वृत्तपत्रांवरही येते. मराठी दैनिके दर आठवड्याला नव्या चित्रपटांची परीक्षणे छापतात. पुण्यात बनलेल्या गेमचे परीक्षण मात्र मराठी वाचकाला सहसा इंग्रजीत शोधावे लागते. बऱ्हाणपूरचा विद्यार्थी किंवा जळगावचे पालक गेमवर खर्च करण्याआधी आपल्या भाषेत वाचू शकतील, अशी निःस्पृह परीक्षणे नियमित यायला हवीत: गेम कसल्या फोनवर चालतो, आत किती पैसे मागतो, पहिल्या भागातला कोणता दोष गेला आणि कोणता राहिला. ‘राजी’चा पुढचा भाग येईल तेव्हा मराठी वाचकाला हे सगळे मराठीत वाचायला मिळावे. मग पहिल्या भागावरचा राग विसरण्याचीही गरज उरणार नाही. दुसऱ्या भागाची पारख करायला तोच राग उपयोगी पडेल.